बारवेचे दगड

आमचं गाव नांदूरघाटाच्या पलीकडे, बालाघाटाच्या माथ्यावर. उतारावर सीताफळीचं रान, आणि गावाच्या खालच्या अंगाला काळ्या दगडाची बारव. यादवांच्या काळातली, असं सांगतात. मी या गावात शाळामास्तर होतो आणि ती बारव मी फोडली. हे आजवर घरातही कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या काळी गावात नारू होता. पायातून सुतासारखा जंत निघायचा, माणूस महिना महिना उठत नसे. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतात, त्यातून तो पसरतो, म्हणून पायऱ्या बंद करा आणि रहाटानं पाणी ओढा, असा सरकारी हुकूम आला. देखरेख माझ्याकडे. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली असती तरी भागत होतं. पण माझ्या घराचं बांधकाम चालू होतं. आतल्या देवळ्यांचे, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांचे, कोरीव दगड मी बाहेरगावच्या मजुरांकडून पहारीनं काढवले आणि नक्षी आत करून माझ्या भिंतीत बसवले. वाहून आणले ते गावातल्या एका मुसलमान गाडीवानानं. माझ्याच वयाचा. "सरकारचा हुकूम आहे," एवढंच मी त्याला सांगितलं.

यंदाच्या उन्हाळ्यात गावच्या तरुणांनी बारवेतला गाळ उपसला. रिकाम्या देवळ्या उघड्या पडल्या. मला मानानं बोलावलं होतं. गाडीवानही काठावर बसला होता. त्याला आता सगळं गाव चाचा म्हणतं.

"गुरुजी, हे कुणी फोडलं असंल?" त्यांच्यातल्या म्होरक्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दुसरा वळून म्हणाला, "चाचा, तुमच्याच लोकांनी ना?"

सगळे हसले. चाचाही हसला. "आमी फोडली असती तर आमची घरं दगडाची नसती का बे? माझं तर पत्र्याचं हाय."

त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प बसलो.

पंधरा दिवसांत बोर्ड लागला. परकीय आक्रमकांनी बारवेची विटंबना केली, असा मजकूर, आणि खाली 'माहिती' म्हणून, मला न विचारताच, माझं नाव. चाचानं बारवेकडे येणं सोडलं. टपरीवर त्याच्या नातवाला कोणी तेच ऐकवलं आणि हाणामारी झाली, असं कानावर आलं.

मी त्याच्या घरी गेलो. "त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"गुरुजी, लोक तुमच्या पाया पडतेत. माझं कोण खरं मानलं असतं?"

मग मी तरुणांना सांगितलं. म्होरक्याला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. म्हातारपणी तुमची बदनामी कावून करायची? बोर्ड तर लागला आता."

दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराची भिंत उकरायला लावली. थोरला मुलगा चिडून शेतात निघून गेला. दगड निघाले. दोन हत्तींचे, एक हंसाचा, एकावर आरशात पाहणारी बाई. ती बाई मला अजिबात आठवत नव्हती. दारापुढे रस्त्यावर ते नक्षी वर करून मांडले. जो थांबेल त्याला सांगत होतो, हे मी काढले, बारवेतून. काहीजण ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे जात.

उन्हं उतरल्यावर चाचा आला. काठी टेकत दगडांपुढून हळूहळू फिरला.

"चारच?"

"चारच होते."

"न्हाई गुरुजी. पाच होते. शेवटच्या एकट्यासाठी मी पुन्हा गाडी जुपलती." त्यानं काठी माझ्या उंबऱ्याला टेकवली. "ह्यो."

या उंबऱ्यावरून माझ्या सुना घरात आल्या होत्या. आईला इथूनच शेवटचं बाहेर नेलं होतं.

गवंडी हत्यारं धूत होता. मी त्याला थांबायला सांगितलं.