भाऊसाहेबांनी केलेलं वेलीचं निदान

हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. बत्तीस वर्षं फायलींत काढलेल्या या माणसाला जमत नव्हती अशी गोष्ट एकच, गप्प बसणं. साहेबांच्या दाराशेजारी मनीप्लँटची वेल होती. तिच्यावर त्यांचा भारी जीव. पितळी भांडं त्यांनीच पसंत केलेलं. मातीची कुंडी त्यांना गावंढळ वाटे. पानं चमकावीत म्हणून दर सोमवारी रुमालाला तेल लावून ते ती पुसत.

वेल पिवळी पडू लागली तेव्हा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी निदान केलं, पाणी कमी पडतंय. टोकं करपली, तरी पाणी कमी. देठ लोळले, तर पाणी फारच कमी. मग फर्मान निघालं की संध्याकाळी निघताना प्रत्येकाने बाटलीतलं उरलेलं पाणी वेलीला घालायचं. चौदा टेबलं, चौदा बाटल्या. वेल आणखी खंगली.

आपलं चुकत असेल ही शंका भाऊसाहेबांच्या आसपासही फिरकली नाही. त्यांनी साहेबांकडे लेखी टिपण पाठवलं की सफाईच्या मावशी झाडाला पाणी घालण्यात कसूर करतात, सबब महिनाअखेरीस दुसरी बाई नेमावी. मावशी कंत्राटावर होत्या आणि घरात कमावणाऱ्या एकट्याच.

साहेबांनी दोघांना बोलावलं. पाणी जास्त होतंय, हे मावशींनी आधी दोनदा सांगून पाहिलं होतं. भाऊसाहेबांनी त्यांना झाडूकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. या वेळी त्या वाद घालत बसल्या नाहीत. मातीत बोट खुपसून ते साहेबांना दाखवलं. नुसता चिखल. मग वर्तमानपत्र पसरून भांडं उपडं केलं. गटारासारखा वास सुटला. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल हातात येत होती.

"खाली भोकच नाही हो भाऊसाहेब," मावशी म्हणाल्या. "पाणी जाणार कुठे? तुमच्या खिशात?"

साहेब खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले.

मावशींनी शेंड्याकडचा हिरवा तुकडा पेराच्या खाली कापला, पानांवरचं तेल साबणाच्या पाण्याने पुसून काढलं आणि तो खिडकीपाशी ग्लासात ठेवला. पेर पाण्यात, पानं बाहेर. साहेबांनी टिपण दुरुस्तीसाठी परत पाठवलं. दुपारभर खपून भाऊसाहेबांनी दुरुस्ती केली, 'कसूर भांड्याची आढळते.' मावशींचं काम राहिलं.

तीन आठवड्यांनी पांढरी मुळं फुटली आणि तुकडा खाली भोक असलेल्या मातीच्या कुंडीत गेला. हल्ली भाऊसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात की मातीत बोट घातल्याशिवाय वेलीला पाणी देऊ नये, कुंडीला भोक हवंच, आणि हे या कार्यालयात प्रथम आपल्या लक्षात आलं. ऐकणारे मान डोलावतात. संध्याकाळी मात्र बाटली उचलून भाऊसाहेब सवयीने वेलीकडे वळतात, मावशी कुठे दिसतात का ते बघतात आणि निमूटपणे बेसिनकडे जातात.