वरच्या फळीवरची पुस्तकं

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर पुस्तकांच्या दुकानात मी नवीन होतो. गाव दूर, शाळा आठवीत सुटलेली. काही पुस्तकांवर ‘यंग अ‍ॅडल्ट’ वाचून, ही चावट पुस्तकं असणार असं समजून मी घाबरलो आणि ती वरच्या फळीवर पाठमोरी लावली.

उभ्याउभ्या आधी शेवटचं पान वाचणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीनं ती हुडकली आणि हसत सुटली. “दादा, ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे आमच्या वयाच्या पोरांसाठी! यात दोनशे पानं नुसती नजरानजर! आणि हिरो उर्मट. रिक्षावाला असा बोलला तर आपण भांडतो, ह्याच्या मात्र प्रेमात पडायचं!”

तेवढ्यात शेठ ओरडले, “ही तिथं कुणी लपवली?” मला वाटलं, नोकरी गेली.

“बरं केलं, काका,” ती म्हणाली. “आमच्या कॉलेजात लपवलेलंच आधी वाचतात.”

तिचे उपकार मी विसरणार नाही. शेठ आता पाककृतींची पुस्तकंही पाठमोरी लावायला सांगतात.