बाईंच्या एप्रनचा खिसा

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखात्यात बाईंचा एकच कायदा होता: खिसा तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जाणार नाही. एकदा कुणा डॉक्टरच्या कोटात राहिलेल्या पेनाने चाळीस चादरी निळ्या केल्या, तेव्हापासून बाईंनी हे खूळ घेतलं होतं. घरी नवऱ्याचा सदराही त्या झडती घेऊनच भिजवायच्या.

बाईंचं नशीब मात्र फुटकं, अशी खात्यात सगळ्यांची समजूत होती. सलग सुट्ट्या आल्या की चौघींपैकी एकीला कामावर यावं लागे आणि ते चिठ्ठ्या टाकून ठरे. साबणाच्या रिकाम्या डब्यात चार चिठ्ठ्या, एकीवर 'ड्युटी'. इस्त्रीवाली, घडीवाली आणि शिवणवाली आधी उचलत, बाई शेवटी. आणि नऊ वर्षं ड्युटी बहुतेक वेळा बाईंनाच लागत आली होती.

लागणार नाही तर काय! डब्यातल्या चारही चिठ्ठ्या कोऱ्या असत आणि ड्युटीची बाईंच्या मुठीत. संशय नको म्हणून अधूनमधून, डबा पुढे करताना ती चिठ्ठी वर सरकवून, त्या दुसरीलाही लागू देत. पण तिलाच, जिची सासू नेमकी त्या सुट्टीत मुक्कामाला येणार असे. इतकी लबाडी करूनही बाईंना झोप अगदी गाढ लागायची.

"तुझं नशीब मोठं इमानी," नवरा म्हणायचा. "कधी पत्ता चुकत नाही."

"असतं एकेकाचं," म्हणून बाई भाजी ढवळायला लागायच्या.

या खेपेला मात्र पंचाईत झाली. दूर राहणारी लेक तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती, तीही फक्त सुट्टीचे दोन दिवस. नात बाईंनी अजून फोटोतच पाहिली होती, आणि ती येणार हे खात्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. पण इस्त्रीवालीच्या आईचं ऑपरेशन झालेलं, घडीवालीच्या मुलीला बघायला मंडळी यायची होती, शिवणवाली सहा महिन्यांनी नवऱ्याला भेटणार होती. बाईंनी आदल्या दिवशीच मन घट्ट करून चिठ्ठी लिहून ठेवली. सकाळी ती कुठे सापडेना, म्हणून घाईघाईत दुसरी लिहिली. ती मुठीत धरताना डोळे भरून आले, तर त्यांनी साबणाच्या भुकटीला नावं ठेवली.

डबा फिरला. इस्त्रीवालीने चिठ्ठी उघडली. "अगंबाई, ड्युटी!"

बाई दचकल्या.

"मलाही ड्युटीच," घडीवाली म्हणाली.

"आणि मलाही!" शिवणवालीने चिठ्ठी नाचवली. चादरींवर खुणा घालायच्या काळ्या शाईने ठळक लिहिलेलं होतं.

"असं कसं होईल? ड्युटीची एकच..." बाईंनी जीभ चावली. एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे, हे बोलायचं कोणत्या तोंडाने?

"तुमची काढा ना, बाई."

बाईंनी डब्यात हात घातला. उरलेली चिठ्ठी कोरी होती.

"दोन दिवस आम्ही तिघी वाटून घेतो," इस्त्रीवाली म्हणाली. "आईजवळ भाऊ थांबतोय. तुम्ही नातीला मांडीवर घ्या."

"चिठ्ठीचं तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

घडीवालीने कालची हरवलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. "काल तुमचा एप्रन धुवायला आला होता. मशीनमध्ये टाकण्याआधी खिसा बघायचा, तुम्हीच शिकवलंय."

मग तिने बाईंची मिटलेली मूठ हातात घेतली आणि हळूच एकेक बोट उघडलं.