शिंपल्याची कॉइल

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरी एम.एस्सी.ला माझा प्रकल्प समुद्रातल्या एका गोगलगायीवर होता. अबलोनी तिचं नाव, पाठीवर एकच शिंपला. तिच्या अंड्याभोवती धाग्यांचं जाड कवच असतं. शुक्राणू तिथे पोचला की लायसिन नावाचं प्रथिन सोडतो आणि कवचाला भोक पडतं. मला वाटायचं, कात्रीसारखं कापत असेल. तर नाही. ते एकही धागा तोडत नाही. धाग्यांची एकमेकांवरची पकड तेवढी सोडवतं, धागे सरकतात, वाट होते. हे वाचलं त्या दिवशी अंबाजोगाईच्या वसतिगृहात मी जेवायचं विसरले.

सगळी करामत आकाराची. लायसिन म्हणजे एकमेकांना खेटून बसलेली पाच वेटोळी. बाकीची पोरं थर्माकोलची मॉडेलं करत होती. मी मॅडमना सांगून टाकलं, "माझं तांब्याचं असेल. माझे वडील करतील."

"वेटोळं म्हणजे नुसती स्प्रिंग नव्हे हं," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या वडिलांचा जन्म वेटोळ्यांत गेलाय," मी म्हटलं.

अण्णांचं सिरसाळ्यात मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक त्यांच्याकडे आणतात, ते जुनी तार काढून नवी भरतात. शाळा चौथीपर्यंत. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात गेले, तर पाच कॉइल तयार. जाड तार, एकसारखे वेढे, लखलखीत. मी हरखून एकेक हातात घेतली, डोळ्यांपुढे धरून वेढे तपासले. दोन नंबरची आणि चार नंबरची उलटी होती.

लायसिनातलं प्रत्येक वेटोळं उजवं असतं, साध्या बोल्टच्या आट्यासारखं. अण्णांनी सवयीनं भरलं होतं. मोटारीत तारेचा एक थर डावीकडून उजवीकडे जातो, पुढचा परत येतो. हात तोच फिरतो, पण येताना आटा उलटा पडतो.

"अण्णा, ह्या दोन उलट्या झाल्यात."

"मग फिरवून धर की. सुलट्या हुतील."

"नाही होत."

"कावून न्हाई होत?"

बाकावर आपल्या मोटारीची वाट बघत एक शेतकरी काका बसले होते. "माझी मोटार सकाळपासून उघडी पडलीय," ते म्हणाले, "आन तुमी बापलेक शिंपल्याची कॉइल भरत बसलाव. कितीचा पंप हाय शिंपल्याला?"

"साडेसात हॉर्सचा," अण्णा म्हणाले. "बसा गप."

त्यांनी कॉइल फिरवली. परत फिरवली. वेढ्याचा कल जसाच्या तसा. तरी पटेना. मग मी डब्यातून दोन्ही तोंडांना आटे असलेला स्टड काढला आणि नट दिला.

"या तोंडानं चढवा."

चढवला.

"आता काढून त्या तोंडानं."

दोन्ही वेळा हात एकाच बाजूला फिरला. अण्णा थांबले. काकाही उठून जवळ आले.

"आयला," अण्णा सावकाश म्हणाले, "बोल्ट उलटा केला म्हणून आटा उलटा होत न्हाई. जल्मभर हातात खेळवलाय मी ह्यो."

मार्क जातील, एवढंच मी त्यांना सांगितलं. खरी भीती वेगळीच होती. मॅडमपुढे मी वडिलांचा हात पणाला लावला होता, आणि त्या हाताला कुणी हसलेलं मला चाललं नसतं.

"आधी पोरीचं करा," काका म्हणाले. "माझ्या उसाला उद्या देईन पाणी."

अण्णांनी दोन्ही नव्यानं भरल्या, प्रत्येक वेळी डावीकडून सुरुवात करून. पाची बांधल्यावर मी तारेवर निळ्या स्लीव्हचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीचे, चिरलेले तुकडे चढवले, दोन ओळींत. तिथे लायसिनवर धन विद्युतभार असतो.

"आन हे एकबी धागा न तोडता आत जातंय?"

"एकही नाही."

"लई भारी कारागीर हाय. आमी तर जळकी कॉइल छिन्नीनं कापूनच काढतो."

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक टेबलावरची मॉडेलं बघत बघत माझ्यापाशी आले आणि त्यांनी ते उचललं. "सगळी उजवी आहेत?" म्हणत एकेका वेटोळ्यावरून बोट फिरवू लागले. चौथ्यावर बोट थांबलं. मग पाचवं.

"कुठून आणलंत हे?"

"सिरसाळ्याहून, सर. माझ्या वडिलांनी भरलंय. मोटारी भरतात ते."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली नाही. पुढे सरांनी इतके प्रश्न विचारले की मागची पोरं कंटाळली. मला मात्र ते संपूच नयेत असं वाटत होतं.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला.

"पाची बघितल्या का त्यांनी?"

"पाची. बोट लावून."

"दोन नंबरची? चार नंबरची?"

"त्यापण बरोबर निघाल्या, अण्णा."

फोनवर मागे काकांची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या दोन उलट्या कॉइल अण्णांनी मोडीत घातल्या नाहीत. दुकानात खिळ्याला टांगल्यात. कुणी विचारलं की ते आधी त्याच्या हातात स्टड आणि नट देतात, दोन्ही तोंडांनी चढवायला लावतात आणि मग सांगतात, "ह्या शिंपल्यात चालत न्हाईत."