हातातून हातात नाही

माकशेठनी पहिल्यांदा माझ्या पेटीला नावं ठेवली तेव्हा मला रागच आला. चाळीस वर्षं मी हॉलिवूड रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी रेशमी कापडाच्या पेट्या करते. आत कापूस भरून भांड्याच्या अंगाबरोबर खाच, बाहेर दोरीचा फासा आणि त्यात सरकवायची हाडाची खुंटी. "फोंगबाई, फासे फार घट्ट झालेत तुमचे. दोरीतसुद्धा चिक्कूपणा?" मी फासे सैल केले. महिन्याभरानं पुन्हा तीच कुरकुर. आणखी सैल केले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या समोर बसून त्यांना खुंटी लावताना पाहिलं, तेव्हा कळलं की फाशाचं काही चुकत नव्हतं. बोटं थरथरत होती.

मी काही बोलले नाही. माणसाचं उणं तोंडावर काढायची आमच्याकडे रीत नाही. चहा प्यायले आणि माझ्या दुकानात परत आले. त्या गप्प बसण्याचा मला आज पस्तावा होतो.

माकशेठ, म्हणजे माक चिउ-हंग, आपल्या जुन्या भांड्यांच्या दुकानातच वाढले. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं, आणि अकराशे वर्षांपूर्वीच्या थांग राजांच्या नंतरचं काही आत येऊ द्यायचं नाही हा वडिलांचाच हट्ट. कुणी हजार वर्षांचं भांडं घेऊन आलं की माकशेठ म्हणायचे, "हे तर पोर आहे हो. समोरच्याकडे न्या."

आमच्या धंद्यात वस्तू हातातून हातात देत नाहीत. एकानं टेबलावर ठेवायची, दोन्ही हात बाजूला घ्यायचे, मगच दुसऱ्यानं उचलायची. फुटलीच तर कुणाच्या हातून फुटली यावर तंटा नको. हा नियम सगळेच पाळतात, पण माकशेठ तो देवधर्मासारखा पाळायचे. त्याला कारण होतं. तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ चिउ-फाइ यांच्या हातांमधून मातीचा एक घोडा पडून फुटला. "तू धरलं नाहीस." "तू आधी सोडलंस." एवढ्यावरून फाइ मकावला निघून गेला. बोटीनं तासाभराचा रस्ता, पण अडतीस वर्षांत दोघांपैकी एकही त्या बोटीत चढला नाही. गेल्या साली फाइ वारला, तर माकशेठनी दुकानाच्या नावानं फुलांचं चक्र पाठवलं आणि स्वतः गेले नाहीत. मला तेव्हा त्यांची चीड आली होती.

त्यांची मुलगी वाइ-क्वान नऊ वर्षांची असताना त्यांच्या हातून एक वाडगा घ्यायला तिनं हात पुढे केले. माकशेठनी तिला दुकान बंद होईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभं केलं. मी मध्ये पडले तर म्हणाले, "तुम्ही पेट्या बघा." आज ती सेहेचाळीस वर्षांची आहे, सगळा कारभार बघते, पण बापाच्या हातात वस्तू आली की तिचे हात आपोआप पाठीमागे जातात.

वस्तू पारखायचे मात्र माकशेठच. लोक त्यांच्या हातांसाठीच यायचे. वजन, तळ, कड. बोटं फिरवली की ते सांगायचे, आणि ते बोलले की संपलं. नव्या वर्षानंतर वाइ-क्वान माझ्याकडे आली.

"मावशी, तुम्ही पाहिलंत ना बाबांचे हात?"

"पाहिले. डॉक्टरकडे ने."

"नेलं तर दुकानातून उठवल्यासारखं होईल. आणि बाहेर कळलं तर आपली वस्तू त्यांच्या हाती कोण देईल?"

"मग एखादी वस्तू फुटायची वाट बघणार आहेस का?" मी चिडून बोलले.

तिनं मान खाली घातली.

मार्चमध्ये, भिंतींना घाम येतो त्या दिवसांत, ओउ बाई आल्या. नवरा गेला होता. त्यानं जपलेली मातीची घागर विकायची होती. चार हजार वर्षांची, अंगावर काळ्या लाटा रंगवलेल्या. पेटीचं माप घ्यायला मला बोलावलं होतं. माकशेठनी मनगटावरचं घड्याळ उतरवून ठेवलं, एक हात तळाखाली घालून घागर उचलली. एरवी ते टेबलापासून वीतभर वर धरायचे. त्या दिवशी धुक्यानं उजेड नव्हता, म्हणून घागर घेऊन ते दाराकडे निघाले.

तीन पावलांवर हात थरथरायला लागले. ते थांबले. टेबल मागे राहिलं होतं आणि वाइ-क्वान हातभर अंतरावर उभी होती.

"पोरी, धर!" मी ओरडले.

तिच्या पाठीमागे मी होते. तिचा एक हात दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळून होता. "बाबा, टेबलावर ठेवा," ती हळूच म्हणाली. ते वळायला गेले आणि घागर सुटली. जुनी माती फुटताना फारसा आवाजही करत नाही.

ओउ बाई तुकड्यांजवळ खाली बसल्या. वाइ-क्वान रडायला लागली, "मी धरायला हवं होतं."

"मी शिकवलं तसंच वागलीस तू," माकशेठ म्हणाले. तुकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही, स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. "या वेळी मध्ये दुसरं कुणी नव्हतं. आणि घोडा पडला तेव्हाही माझेच हात होते. फाइनं धरायच्या आधीच मी सोडलं होतं. मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

अडतीस वर्षं!

त्यांनी ओउ बाईंना फळीवरची हवी ती वस्तू घ्या म्हणून सांगितलं. बाईंनी त्यांच्या वडिलांनी घेतलेला पहिला हिरवा वाडगा उचलला. वाइ-क्वान बाईंना अडवायला पुढे व्हायला लागली, तर त्यांनी तिला मानेनंच थांबवलं. मी तुकडे गोळा केले. बाई गेल्यावर दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

वाइ-क्वाननं चहा ओतला, कप त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि सवयीप्रमाणे दोन्ही हात मागे घेतले. त्यांनी कप उचलला. अर्धा चहा टेबलावर अंथरलेल्या लोकरी कापडावर सांडला. त्यांनी कप खाली ठेवला. मग दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले.

"टेबलावर नको ठेवूस," ते म्हणाले. "हातात दे."

तिनं दिला. त्यांनी धरला, तरी तिनं सोडला नाही.