षड्ज चौथीवर की पहिलीवर

मला पाहायला नांदुऱ्याचे पाहुणे आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं घर उंद्रीला, वडिलांचं कापडाचं दुकान. मुलगा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होता. सोबत त्याचे आईवडील. वडील रेल्वेच्या माल ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि गाणं शिकलेले. मीही चिखलीच्या एका बाईंकडे गाणं शिकत होते, म्हणून हे स्थळ चांगलं, असं मध्यस्थाचं म्हणणं होतं.

पोहे आले. स्वयंपाक येतो का, हे कोणी विचारलं नाही. मुलाचे वडील म्हणाले, "बावीस श्रुत्यांची नावं येतात काय?"

मी तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी सुरुवात करून क्षोभिणीपर्यंत म्हणून दाखवली. त्यांनी मान डोलावली.

"मंग षड्ज कोणत्या श्रुतीवर बसते?"

"पहिल्या. तीव्रेवर."

"चौथ्या. छंदोवतीवर."

मुलगा पोहे खात होता तो थांबला. माझे वडील घाईनं म्हणाले, "चौथीवरच असन. पोरगी घाबरली जराशी."

"घाबरली नाही," मी म्हणाले. "मले पह्यलीवर शिकवलं."

इथं थोडं सांगायला हवं. षड्ज म्हणजे सा. सा ते वरचा सा यांच्यामध्ये जुन्या लोकांनी बावीस सूक्ष्म जागा मानल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं. जुन्या मतानं स्वर आपल्या श्रुतींच्या शेवटी उभा राहतो, नव्या मतानं सुरुवातीला. त्यामुळे सा एकाच्या मते चौथीवर, दुसऱ्याच्या मते पहिलीवर. गाताना काही फरक पडत नाही. गल्लीतली घरं तीच, दारावरच्या पाट्या तेवढ्या तीन घरं सरकलेल्या. पण त्यांच्या गुरूंनी एक सांगितलं होतं आणि माझ्या बाईंनी दुसरं, आणि त्या दिवशी दोघांपैकी कोणीही तिथं नव्हतं.

पाहुणे चहा न घेता गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वडील म्हणाले, "चौथीवर म्हटलं असतं तं काय बिघडत होतं?" तसं म्हणणं मला जमलंच नसतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलाचे वडील एकटेच बसनं आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पोरगी पसंत आहे."

वडिलांना खरं वाटेना. "अन् ते श्रुतीचं?"

"याच्या आधीच्या पोरी म्हणत, श्रुती म्हणजे काय. हिच्याशी भांडता तं येईल."

लग्न झालं. सकाळी मामाजी, म्हणजे सासरे, तंबोरा घेऊन बसत आणि मी चुलीपाशी. ते मध्येच सूर थांबवून विचारत, "आता कोणती लागली?" मी भाकरी थापता थापता म्हणे, "दयावती." ते म्हणत, "रौद्री." सूर एकच असे, शुद्ध रिषभ. शेजारच्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे त्या नावाच्या दोघीजणी कामाला येतात. नवऱ्याला यातलं काही कळत नव्हतं. तो डबा घेऊन जिनात जाई. सासूबाई आमच्या वादात पडत नसत.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळीच सासूसासरे उंद्रीला आले. मामाजींनी ठरवूनच टाकलं होतं की नातीचं नाव त्या बाविसांतलंच ठेवायचं, आणि कोणतं ते तिनंच रडून सांगायचं. माझा जुना तंबोरा माहेरीच होता. तो त्यांनी आपल्या षड्जात लावला आणि पाळण्याशेजारी पोर रडायची वाट पाहत बसले.

पोर रडली. ते षड्जापासून गुणगुणत वर चढले आणि थांबले.

"कोमल गंधार."

"हो," मी म्हणाले. तो होताच.

"म्हणजे क्रोधा."

"रंजनी," मी म्हणाले.

पोर पुन्हा रडेल, कदाचित दुसऱ्या सुरात, म्हणून ते बसून राहिले. ती दुपारपर्यंत चार-पाचदा रडली. गळा पक्का होता, जागा सोडली नाही. शेवटी सासूबाई आल्या. त्या या विषयात पहिल्यांदाच बोलल्या.

"तुमच्या गुरूनं नात पाह्यली होती काय?"

"नाही."

"मंग क्रोधा कोणाले म्हणून राह्यले तुम्ही?"

मामाजींनी तंबोरा जवळ ओढला. मग त्यांनी खुंट्या पिळल्या, चारही तारा चढवल्या आणि पुन्हा जुळवल्या. पुढचं रडणं त्यांनी या चढ्या षड्जापासून नव्यानं मोजलं.

"लेकराचा षड्ज चढा असते," ते म्हणाले. "मी मोठ्याच्या षड्जावर मोजून राह्यलो होतो. रंजनी."

त्यांच्या गुरूंचा शब्द राहिला आणि नातीचं नावही चांगलं निघालं. अडचण एवढीच होती की या नव्या षड्जावरून माझ्या बाईंच्या पद्धतीनं तीच श्रुती आता मंदा होत होती. ते त्यांनाही कळलं असणार. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तुह्या हिशोबानं मंदा होते ना?"

"होते."

"मंग?"

"मंग काही नाही. पाळण्यात हेच नाव घाला."

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. त्यासाठी आलेल्या नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी नणंदेच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. शाळेत पुढं मुलीचं वेगळंच नाव लागलं, नवऱ्यानं परस्पर लावलेलं. बारशाच्याच संध्याकाळी बसनं मामाजी निघाले. दारात थांबून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ते असं काही करत नसत. ते म्हणाले, "तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेव. तुटतीन."