चौकोनातली खूण

रविवारी सकाळी दहा महिन्यांच्या संचिताचा कान वाहायला लागला आणि सोबत एकशे तीन ताप आला. मानसी घाबरली नाही. घाबरायलाही थोडी उसंत लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती. भाईंदरच्या खारी भागातल्या दोन खोल्यांच्या घरातून तिने मुलीला उचललं आणि स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन औषधं दिली. गुलाबी औषध ताप चढला की द्यायचं. कानाचं औषध दिवसातून एकदाच, सहा दिवस, आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. शुक्रवारी दाखवायला आणा, तोवर उतार पडला नाही तर ॲडमिट करावं लागेल, असं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

आता मानसी आणि रवी हे नवराबायको एकाच घरात राहतात, हे शेजारी सांगतात म्हणून खरं मानायचं. रवीची कायमची रात्रपाळी. तो संध्याकाळी सातला निघायचा आणि सकाळी दहाला उगवायचा. मानसी मीरा रोडला चष्म्याच्या दुकानात. ती सकाळी नऊला घर सोडायची ते रात्री आठलाच परत. रवीच्या कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागे आणि दिवसा तो मेल्यासारखा झोपे. म्हणून दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा आधार घेतला. ज्याला वेळ मिळेल त्याने कानाचं औषध द्यायचं आणि त्या दिवसाच्या चौकोनात टिक करायची. टिक दिसली की दुसऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही, उगाच दोनदा जायला नको. रविवारी मानसीने टिक केली, सोमवारी रवीने.

सोमवारी दुपारी परभणीकडून रवीची आई आली. तापाचं मूल पाळणाघरात घेत नाहीत आणि मानसीची सगळी रजा बाळंतपणातच संपलेली, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता; सोमवारी सकाळी रवी येईपर्यंतचा तास शेजारणीने कसाबसा निभावला होता. वैजयंताबाईंनी पिशवी टेकवली, हातपाय धुतले आणि नातीला मांडीवर घेतलं ते घेतलंच. रात्री घरी आल्यावर मानसीने त्यांना गुलाबी औषध समजावून दिलं. मग जरा चढ्या आवाजात म्हणाली, फ्रिजमधल्या बाटलीचं मात्र आमचं आम्ही बघतो, तुम्ही तिला हात लावू नका. गावाकडच्या बाईच्या हाती औषध नको, हे तिच्या मनात होतं आणि ते तिने पुरतं लपवलंही नाही. वैजयंताबाई 'बरं' एवढंच म्हणाल्या.

पुढचे दिवस कसे गेले हे मानसीला नंतर धड आठवेना. ताप उतरे आणि चार तासांत पुन्हा चढे. बुधवारी तिने दवाखान्यात फोन केला तेव्हा कंपाउंडरने सांगितलं, औषधाला जरा वेळ द्या. त्याच दिवशी दुकानात तिने एका शेठचा चष्मा दुसऱ्याच बाईंना दिला. बाई तो घालून 'एकदम क्लियर' म्हणत निघूनही गेल्या आणि मालकाने मानसीला सगळ्यांसमोर झापलं. तिला काहीच वाटलं नाही. घरी आल्यावर मुलगी रडायची, तिला खांद्यावर घेऊन मानसी फेऱ्या घालायची, पण ते रडणं भिंतीपलीकडच्या घरातून येतंय असं तिला वाटे. आपल्या आत काही उरलंय की नाही, अशी शंका येई. ती कॅलेंडरकडे बघे. आजची टिक असे. रवीने दिलं, एक काम झालं, असं म्हणून ती भात लावायला घेई.

शुक्रवारी लवकर सुटून ती मुलीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. औषध लागू पडत नाहीये, म्हणाले, आणि हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता त्यांनी बाटली मागितली. मानसीने ती खोक्यासकट पर्समधून काढून दिली. डॉक्टरांनी ती तपकिरी बाटली उजेडात धरली.

"रोज दिलंय ना? मग ही अजून एवढी भरलेली कशी?"

जेमतेम दोन डोस कमी होते. मानसी बाटलीकडे बघत राहिली. लाज वाटायला हवी होती, तीही वाटेना. डॉक्टरांनी तिथेच एक डोस पाजला. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर थेट हॉस्पिटल, असं म्हणून त्यांनी अर्धी लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली.

घरी रवी निघायच्या तयारीत बूट घालत होता. तिने त्याला विचारलं, औषध कधी कधी दिलंस? सोमवारी, तो म्हणाला. नंतर रोज मी यायच्या आधीच तुझी टिक असायची. मग दोघांनी मिळून भिंतीकडे पाहिलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चारही चौकोनांत टिक.

"त्या खुणा माझ्या हायेत," वैजयंताबाई ओट्याजवळून म्हणाल्या. "आमच्याकडं आठ दिसाला नळ येतो. आला की खूण करायची, म्हणजे पुढचा दिस ध्यानात ऱ्हातो. हितं तर रोज पहाटं यायलंय पाणी. खूण करताना लई बरं वाटायचं."

त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले, मग मानसीच्या हातातली बाटली पाहिली, आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

पाच दिवस तिघं या घरात वावरत होती आणि 'औषध दिलं का' एवढं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. चोवीस तास मुलीजवळ होती त्या एका बाईला तर मानसीनेच बाजूला सारलं होतं. हे तिला लख्ख कळलं. कळलं, पण आत काही हललं नाही.

शनिवारी सकाळी तिने स्वतः औषध दिलं. संध्याकाळी थर्मामीटर शंभराच्या खाली आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता नको हॉस्पिटल, पण पूर्ण कोर्स नव्याने करा. रविवारी मानसीला जाग आली तेव्हा संचिताचं कपाळ गार होतं आणि ती आजीच्या मांडीवर बसून वाटीवर चमचा आपटत होती. पिंप, बादल्या, हंडा, सगळं काठोकाठ भरलेलं होतं. कॅलेंडरवर मात्र आजचा चौकोन कोरा होता. पेन फ्रिजच्या पार मागे सरकवून ठेवलेलं. वैजयंताबाई तिच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

मानसीने पेन काढलं. आजच्या चौकोनात टिक केली आणि खाली लिहिलं, 'पाणी'. मग फ्रिज उघडून बाटली घेतली, हलवली आणि सासूच्या समोर ठेवली.

"आई, आजपासून हे तुम्ही द्या."

वैजयंताबाईंनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. औषध चमच्यातल्या खुणेपर्यंत नीट मोजून घेतलं आणि तो नातीच्या ओठांशी नेला. मुलीने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. ते बघताना मानसीला रडू फुटलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिला ते स्वतःचं वाटलं.